कोंबड्यांसाठी हरळी

१५ जून, रविवार

आज हर्षाली आणि दिशा सटाण्याला गेल्या. हर्षालीचा भाऊ अश्विन गाडी घेऊन आला होता. शिलाई मशीन, कपाटातले कपडे, दिशाची सायकल, सगळं चढवलं. मी म्हटलं, अरे, एका वर्षाच्या नोकरीला एवढं सामान? तो म्हणाला, गाडी मोकळीच होती ना. खरं आहे. मोकळी गाडी कशाला न्यायची?

ललितला जाऊन सव्वा वर्ष झालं. सून अजून घरात होती म्हणून घरात आवाज होता. आता तिला तिथल्या खासगी शाळेत शिकवायचं काम मिळालंय, नात त्याच शाळेत पहिलीला. "यंदा तिकडे बघते, बाबा," म्हणाली. यंदा म्हणजे यंदाच.

निघताना पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, जाते." मी म्हटलं, "येते म्हण." ती पदर सावरत उठली. मग सिंधूच्या पाया पडली. "आई, जाते." आणि आमच्या सिंधूबाई काय म्हणाव्यात? "जा." माझं डोकंच फिरलं. निघणाऱ्या माणसाला कुणी जा म्हणतं का? नंतर विचार केला, हर्षाली बागलाणातली, अहिराणी घरातली. तिकडे जाताना "जास" म्हणत असतील, त्याचंच मराठी केलं असेल. पण सिंधूला काय झालं? ती तर पंचवटीत वाढलेली.

दिशा तोवर मागच्या अंगणात तिची ठिपक्यांची कोंबडी धरायला धावत होती. तिचं नाव बुंदी. चिखलात सपशेल आपटली, नवा फ्रॉक गेला. तिला पुसताना हर्षाली म्हणाली, "मागं फार चिखल होतो, बाबा. हिला सुट्टीला आणायचं तर ही रोज पडणार." मी म्हटलं, दिवाळीपर्यंत पाय मळणार नाही अशी जमीन करून ठेवतो. ती म्हणाली, "बरं."

तिने बरं म्हटलं. म्हणजे ठरलं.

गाडीतून दिशा ओरडली, "आबा, जाते!" हा आमचा रोजचा खेळ. शाळेला निघताना मुद्दाम जाते म्हणायची आणि मी "येते म्हण" म्हणेपर्यंत दारातून हलायची नाही. आजही मी म्हटलं, तेव्हा काच वर गेली.

१८ जून

ज्या माणसाने शहरातल्या निम्म्या बागांना लॉन लावलं त्याच्या घरामागे चिखल असावा, याला काय म्हणायचं? सगळी नोकरी महापालिकेच्या उद्यान विभागात झाली माझी. त्याआधी बापाच्या मळ्यात मेथी-कोथिंबीर. जमीन मला सांगते, तिला काय पाहिजे ते. पण तिच्यावर कोंबड्या सोडल्या की ती मुकी होते.

कोंबड्या ललितने आणल्या. दिशा रांगत होती तेव्हा पिलं आणली, खुराडं स्वतः ठोकलं. ते वाकडं आहे. भोवती जाळी मारली, तीही वाकडी. पोरगं मोबाईलच्या दुकानात हुशार, हातोडी धरली की आनंदीआनंद. जाळीत होतं नव्हतं तेवढं गवत कोंबड्यांनी महिन्यात संपवलं. कोंबडी म्हणजे दोन पायांची कुदळ.

उद्या मुरूम टाकतो. पाणी झिरपलं की झालं.

२९ जून

मुरूम नापास. कोंबड्यांनी जागोजागी खळगे केले, खळग्यात पाणी, पाण्यात शीट. वर मुरूम टोचून एकीच्या पंजाला जखम झाली. हळद लावली. सिंधू म्हणाली, "पोराच्या पायाला टोचल म्हणून बघितलं का आधी?" तेही बरोबर. दिशा अनवाणी पळते.

९ जुलै

इगतपुरीकडच्या भाताच्या गिरणीतून तूस आणलं. चार बोटं जाड अंथरलं तेव्हा असं सोनेरी दिसत होतं की मीच चप्पल काढून चाललो. कोंबड्या खूष. रात्रीपासून झड लागली. आज त्या तुसाची खीर झाली आहे आणि वास शेजाऱ्यांपर्यंत जातोय. फावड्याने सगळं काढलं. वर पत्रा घातला असता तर तूस टिकलं असतं, पण उघड्या अंगणाचं ते काम नाही.

संध्याकाळी दिशाचा फोन. मी म्हटलं, तुझ्यासाठी चिखल घालवतोय. ती म्हणाली, "आबा, ज्ञानेश काकांच्या घरी चिखलच नाही. सगळी फरशी आहे. सर्रकन घसरता येतं!" मी विचारलं, कोण गं ज्ञानेश काका? "मम्मीचे." तेवढ्यात हर्षालीने फोन घेतला. शाळेतले कुणी मास्तर असावेत. परक्या गावात कुणी जीव लावतंय हे बरंच आहे.

सिंधूला सांगितलं तर ती भाकरी थापत राहिली. भाकरी करपली.

१७ जुलै

आज माझं डोकं चाललं. पलीकडच्या गल्लीत झुंबर राहतो, एसटीचा रिटायर ड्रायव्हर, मूळचा सटाण्याचा. त्याच्या पाहुण्याची लासलगावला कांदा साठवायची चाळ आहे. चाळ फोडून कांदा निवडला की टरफलांचे ढीग पडतात. हलकं, कोरडं, फुकट. नाशिक जिल्ह्यात राहून कांद्याचं टरफल सुचायला एवढे दिवस लागावेत? झुंबरच्या गाडीतून पोती भरून आणली. अंगण गुलाबी झालं. जाळीच्या कडेला वर ताडपत्री ओढली, यावेळी भिजू द्यायचं नाही.

कोंबड्या त्यात अशा उधळल्या, जणू लग्नातले तांदूळ. काळी पूड उडत होती थोडी. कांद्यावर काजळी असतेच, आपण नाही का पुसून खात?

२४ जुलै

कोंबड्या चोच उघडी टाकून श्वास घेतात. दोन-तीन नुसत्या बसून. बुंदी पंख सोडून बसली आहे.

२५ जुलै

जनावरांच्या दवाखान्यात टोपलीतून नेलं. डॉक्टरांनी अंथरूण काय घातलंय विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "काका, ती काजळी म्हणजे बुरशी. ओलीचे दिवस, वर ताडपत्री, कोंबड्यांनी उकरून उकरून छातीत घेतली." बाकीच्या वाचतील म्हणाले. बुंदीबद्दल काही बोलले नाहीत.

सगळी टरफलं पोत्यात भरली. भरताना मलाही खोकला लागला.

२६ जुलै

बुंदी गेली. पेरूच्या झाडाखाली पुरली. माझ्या हाताने मेली ती. दिशाची एक वस्तू सांभाळायला होती माझ्याकडे, आणि ती मी मारली. फार रडू आलं. कोंबडीसाठी एवढं रडतात का, असं सिंधू म्हणाली नाही. शेजारी येऊन बसली फक्त.

फोनवर दिशाला म्हटलं, बुंदी मजेत आहे.

२९ जुलै, नागपंचमी

आज जमीन उकरायची नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. कोंबड्यांना कोण सांगणार? त्यांचं उकरणं चालूच. मला मात्र कुदळीला हात लावायला बंदी, म्हणून खुर्ची टाकून नुसता बघत बसलो. महिनाभरात पहिल्यांदा.

आणि दिसलं. कोपऱ्यात ललितची लोखंडी पट्ट्यांची खाट पडली आहे, पाय चिखलात रुतून जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच राहिलेली. कॉलेजात असताना तो तिच्यावर झोपायचा. लग्नानंतर मागे आली, मध्ये भंगारवाला आला तर सिंधूने त्याला हाकलून दिलं. तर त्या खाटेखाली हिरवंगार! वाकून पाहिलं. हरळी. पट्ट्यांमुळे कोंबड्यांचे पंजे खाली पोचत नाहीत. पात वर आली की चोचीने खुडतात, मुळी राहते. खाटेखालची माती हाताला लागेना इतकी गच्च विणलेली. चिखल नाही.

हरळी! माझ्या बापाने जन्मभर जिला शिव्या दिल्या ती. आमच्या मळ्यात हरळीची एक कांडी राहिली तर रात्री जेवण नाही, असा नियम होता. सिंधूला सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी हसली. "माळ्याचा पोरगा हरळी लावतोय. सासरे वरून पाहत असतील तर उडी टाकतील खाली!"

१० ऑगस्ट

अंगणाचे दोन भाग केले. एकात कोंबड्या, दुसऱ्यात मी. माती भुसभुशीत करून, शेणखत घालून, कांड्या दाबल्या. त्यावर लाकडी चौकटी, चौकटीला जाळी, जमिनीपासून वीतभर उंच. खुराड्याच्या पुढ्यात एक कोपरा नुसत्या मातीचा आणि राखेचा ठेवला. कोंबडीला लोळायला धूळ लागते, नाहीतर ती गवत उपटून करून घेते. या भागात हरळीने मूळ धरलं की कोंबड्या इकडे आणायच्या आणि तो भाग करायचा. खाट जिथे होती तिथेच ठेवली.

लोक हरळी मारायला औषध फवारतात, मी तिला झारीने पाणी घालतो. झुंबर जाळीबाहेर उभा राहून म्हणाला, "गोटीराम, तुमचं डोकं ठीक शे ना?"

बाजारात ठिपक्यांची तलंग मिळाली, अजून अंड्यावर न आलेली. हुबेहूब बुंदी, फक्त मानेवर एक पांढरं पीस जास्त. ते मी उपटलं. सिंधू म्हणाली, "ओळखल ती. पोरं फसत नाय." मलाही तीच भीती आहे.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

यंदा गणपती बसवला. दूर्वा कुठूनही आणाव्या लागल्या नाहीत, आमच्याच अंगणातल्या कोवळ्या हरळीची जुडी बांधली. हात जोडले आणि जुन्या बायका म्हणतात तेच मागितलं, हरळीच्या मुळीसारखा वंश वाढू दे. मागून झाल्यावर लक्षात आलं की मागण्यासारखं आता काय उरलंय? दिशा उरली आहे. तीच आमची मुळी.

त्या आल्या नाहीत. शाळेत कार्यक्रम आहे म्हणे. दिशा फोनवर म्हणाली, "मम्मी आणि ज्ञानेश काका मूर्ती आणायला गेलेत. मी मामाकडं थांबले." हा ज्ञानेश त्यांचा शेजारी असावा, धावपळ करणारा दिसतो. भेटला की आभार मानायला हवेत.

१४ सप्टेंबर

ललितचं श्राद्ध. त्याला आवडणारी खीर, भजी, अळूची वडी. गच्चीवर पान ठेवलं. कावळा शिवेना. बसायचा कठड्यावर, मान वाकडी करून बघायचा, उडायचा. मी हात जोडून म्हटलं, "ललित, काळजी करू नको. दिशाला आणतो परत. अंगण करतोय तिच्यासाठी." कावळा उडाला तो समोरच्या तारेवर जाऊन बसला. पुन्हा म्हटलं. तो हलेना. ऊन वर आलं. आमच्या पोटात कावळे ओरडायला लागले, पानावर एक येईना. सिंधूने मला बाजूला सारलं आणि पानाजवळ वाकून हळूच काहीतरी पुटपुटली. लांब नाही, एखादं वाक्य. ती सरळ उभी राहायच्या आत कावळ्याने वडी उचलली.

मी विचारलं, काय म्हणालीस? "काही नाही. नेहमीचं." नेहमीचं तर मीच म्हणत होतो.

दुपारभर ती पडून होती. मी हरळी पाहून आलो. एका बाजूला चौकटीच्या वर आली आहे. धो धो पाऊस होऊन गेला होता आणि मी आत जाऊन आलो तर पायाला माती नाही. ललितला हे सांगायला पाहिजे होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

झुंबर सटाण्याला जायला निघाला होता. घरात आला, चहा घेतला, उठला आणि म्हणाला, "चला, येस मी."

मी म्हटलं, येस? तुमच्याकडे निघताना जास म्हणतात ना?

तो हसला. "कोन सांगं तुमले? आमनाकडे बी येस म्हनतस. जास कोनी म्हनत नई. अशुभ शे ते. जास म्हने तो फिरी येत नई."

तो गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. सिंधू मेथी निवडत होती. मी म्हटलं, तू तिला जा का म्हणालीस?

तिने मेथी खाली ठेवली. "माझ्या लेकीला म्हटलं असतं तेच म्हटलं," म्हणाली. "बत्तीस वर्षांची हाय ती. आपल्याबरोबर तिला म्हातारी करायची का?" ज्ञानेश वापीला कंपनीत आहे, सटाण्याला त्याचं घर आहे. त्याची बायको बाळंतपणात गेली. हर्षालीने जाण्याआधीच सिंधूला विचारलं होतं. सिंधू हो म्हणाली होती. तुळशीचं लग्न लागलं की त्यांचं.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुम्ही अंगण करत होते. म्हटलं, करू द्या. त्यानं तरी उठता सकाळी."

म्हणजे ज्ञानेश काका मास्तर नव्हते. शेजारी नव्हते. पोर दर फोनला सांगत होती आणि मी तिला चिखलाच्या गोष्टी सांगत होतो.

६ ऑक्टोबर

काल भांडलो. नको ते बोललो. ललितला विसरली म्हणालो, हर्षालीलाही आणि सिंधूलाही. सिंधू म्हणाली, "मी नऊ महिने पोटात ठेवला त्याला. मला विसरणं शिकवू नका." मग मी मागे जाऊन चौकटी उचलून फेकल्या आणि हरळी ओढायला लागलो. मुठीत नुसती पात आली. मुळी जागची हलली नाही. माझीच लागवड, माझंच शेणखत. थकून ललितच्या खाटेवर बसलो.

बऱ्याच वेळाने सिंधू चहा घेऊन आली. मी विचारलं, त्या दिवशी कावळ्याला काय म्हणालीस?

"म्हटलं, हर्षालीला मोकळी करते, तू काळजी करू नको."

माझ्या बोलण्याला तो हलला नव्हता. दोन वेळा.

चौकटी परत ठेवल्या. संध्याकाळ झाली.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. आज त्या आल्या. तो पण आला. दोन दिवस मी ठरवत होतो की घरात थांबायचंच नाही, पण दिशाला अंगण कोण दाखवणार?

माणसात खोट सापडते का ते सकाळपासून बघत होतो. सापडली नाही, याचा राग आला. हळू बोलतो. सिंधूने दिलेला फराळ ताटात काही न टाकता संपवला. मागे आलो तर हरळीच्या कडेला त्याने चपला काढल्या. आजवर माझ्या कुठल्याही लॉनवर कुणी आपणहून चपला काढल्या नाहीत. पाट्या लावूनही नाही.

परवाच्या अवकाळी पावसाने बाहेरचा रस्ता राड झालाय. अंगण मात्र कोरडं. दिशाला पळायला एका भागातल्या चौकटी काढून ठेवल्या होत्या. बाकीच्या चौकटींतून हिरवी पात, कोंबड्या वरून खुडत हिंडतात. हर्षाली उंबऱ्यातच थांबली. बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, हे सगळं माझ्या एका बोलण्यावर?"

मी म्हटलं, "चिखल होताच की."

तिने डोळ्यांना पदर लावला. "मी ते उगाच म्हटलं होतं, बाबा. खरं बोलायला तोंड होईना." मला तिच्यावर रागावायचं होतं आणि राग कुठे ठेवलाय तेच आठवेना. पाया पडली तेव्हा डोक्यावर हात ठेवला.

दिशा उंच झाली आहे. बूट काढून हरळीवर पळाली, पडली नाही एकदाही. मी त्या ठिपक्यांच्या तलंगीकडे बघत होतो. आता ओळखेल, आता विचारेल, आबा, हिच्या मानेचं पीस कुठंय? काय उत्तर द्यायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं.

ती धापा टाकत आली. "आबा, ह्यातली माझी कुठली होती?"

मी तलंगीकडे बोट दाखवलं. "ही."

"हां, हीच," म्हणाली, आणि खाटेवर चढून उड्या मारायला लागली. सिंधू माझ्याकडे बघत होती. पोरं फसत नाहीत म्हणाली होती. फसायला आधी लक्षात असावं लागतं.

मी एका ओल्या पोत्याच्या तुकड्यात हरळीच्या कांड्या बांधून ठेवल्या होत्या. तिथे लावा म्हटलं, दिशाला कोंबड्या पाळता येतील. ज्ञानेश अवघडला. म्हणाला, "बाबा, वापीला तिसरा मजला आहे. आणि सटाण्याच्या घरी मागंपुढं सगळी फरशी." तरी त्याने गाठोडं घेतलं, दोन्ही हातांनी. हर्षालीने त्याच्या हातून ते काढून परत माझ्याजवळ दिलं. "इथंच राहू द्या, बाबा. वाळून जाईल."

निघाल्या. हर्षाली या वेळी काहीच म्हणाली नाही, येते नाही, जाते नाही. सिंधूने तिची ओटी भरली, लेकीची भरतात तशी. दिशा गाडीत बसली, काच खाली केली आणि मान बाहेर काढून जोरात म्हणाली, "आबा, जाते!"

शब्द ओठांपर्यंत आला होता. गाडी चालू होती, ज्ञानेश थांबला होता, हर्षाली समोर बघत होती. मी म्हटलं, "जा, बाळा."

दिशा तशीच वाट बघत राहिली. मग तिने कपाळाला आठी घातली. "आबा! तुम्ही 'येते म्हण' म्हणालाच नाही!"

कोंबडी विसरली होती. हे विसरली नव्हती.

मी म्हटलं, "विसरलो गं."

गाडी वळली. आम्ही दोघं दारात उभे होतो. मग सिंधू म्हणाली, कोंबड्या आत घ्यायच्या राहिल्यात, आणि मी मागे गेलो. गाठोडं हातातच होतं. कांड्या ओल्या होत्या. मागच्या दाराशी थोडी मोकळी माती राहिली होती, तिथे दाबून टाकल्या.